नाव कोणत्या शाळेत घालायचं?

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी शिरपूर जैनच्या घराघरांत एक वाद हमखास निघतो : लेकराचं नाव गावातल्या मराठी शाळेत घालायचं, की पिवळ्या व्हॅनमध्ये बसवून इंग्रजी माध्यमाला पाठवायचं. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे देशभर ठाऊक आहे. गुजरात, राजस्थान, मुंबई इथून यात्रेकरू येतात, त्यामुळे दुकानांत मराठीबरोबर हिंदी, गुजराती, मारवाडीही ऐकू येते. इंग्रजी मात्र कानावर पडत नाही. ती डोळ्यांना दिसते : औषधाच्या पट्टीवर, बियाण्याच्या पिशवीवर, बँकेच्या फॉर्मवर, मोबाइलवर. म्हणजे इथे इंग्रजी शिकवणं हे परकी भाषा शिकवणं आहे. एवढं आधी कबूल केल्याशिवाय हा वाद पुढे सरकणार नाही, असं मला वाटतं.

खालचा संवाद कुणा एका घरात जसाच्या तसा झालेला नाही. गावोगाव जे बोललं जातं ते मी दोघांच्या तोंडी घातलं आहे. एक आहेत निवृत्त इंग्रजी शिक्षक, दुसरी त्यांची सून, डी.एड. झालेली आणि काही काळ इंग्रजी माध्यमाच्या एका खासगी शाळेत शिकवलेली. दोघंही घरात वऱ्हाडी बोलतील. इथे त्यांचं बोलणं बरंचसं प्रमाण मराठीत उतरवलं आहे.

सूनबाई : मामाजी, मी पोराचं नाव इंग्रजी माध्यमालाच घालणार. तुम्ही उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात घालवला, म्हणून आधी तुमच्याशी बोलते. तुमच्या हाताखालून दहावी झालेल्या पोरांपैकी आज किती जण इंग्रजीतलं पत्र स्वतः वाचून समजून घेतात?

गुरुजी : थोडे.

सूनबाई : आणि बोलतात किती?

गुरुजी : त्याहून थोडे. पण त्यावरून तू जो निष्कर्ष काढतेस, तो मला मान्य नाही. ती पोरं मराठी शाळेत होती म्हणून अडली, असं तू म्हणतेस. मी म्हणतो, त्यांना इंग्रजी शिकवलीच गेली नाही. पस्तीस मार्क शिकवले गेले. 'अपेक्षित' आणायचं, निबंध पाठ करायचा, पत्राचा मायना पाठ करायचा. अख्खं पुस्तक संपलं तरी पोरानं एक गोष्ट स्वतःहून वाचलेली नसायची. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आमच्या आधीच्या पिढ्या शिकल्या, त्यांना निदान वाक्य कसं उभं राहतं ते कळायचं. नंतर तेही सुटलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही नीट आलं नाही.

सूनबाई : पण सुधारायला वेळ काय थोडा मिळाला? रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली. त्या वेळी पहिलीत बसलेली पोरं आता स्वतः आईबाप झाली. आणि तीच माणसं आज आपल्या लेकरांना व्हॅनमध्ये बसवतात. ज्यांनी मराठी शाळेतली इंग्रजी स्वतः घेतली, त्यांचाच तिच्यावर भरवसा नाही. याहून मोठा निकाल कोणता हवा?

सूनबाईंचा हा मुद्दा मला या सगळ्या वादात सर्वांत वजनदार वाटतो. मराठी शाळांच्या बाजूनं लिहिणारे आम्ही लोक पालकांना 'इंग्रजीचं वेड' लागलं म्हणून मोकळे होतो. शेत गहाण टाकून फी भरणारा माणूस वेडापोटी भरत नाही. त्यानं स्वतः काहीतरी पाहिलेलं असतं.

गुरुजी : मोरे साहेबांचा निर्णय बरोबर होता, तेव्हाही मी हेच म्हणत होतो. शहरातलं पोरगं तिसऱ्या वर्षी ए-बी-सी म्हणणार आणि आपलं पाचवीत पहिल्यांदा पाहणार, हा अन्याय होता. पण शिकवायला कोण उभं राहिलं? ज्या गुरुजींनी आणि बाईंनी स्वतः इंग्रजी पाचवीत पहिल्यांदा पाहिली, आणि दहावीनंतर क्वचितच वापरली, ते. त्यांना चार दिवसांचं प्रशिक्षण आणि एक पुस्तिका मिळाली. पहिलीचं पुस्तक चांगलं होतं. गाणी, चित्रं, ऐका आणि करा. पण ते पुस्तक बोलणाऱ्या शिक्षकासाठी होतं. न बोलणाऱ्या शिक्षकाच्या हातात ते पडलं, की गाणंसुद्धा पाठांतर होतं.

सूनबाई : मग बोलणारा शिक्षक जिथे आहे तिथे मी पोराला नेते, यात चुकलं काय?

गुरुजी : तिथे तो आहे का? तू तिथे शिकवलंस. तूच सांग.

सूनबाई : खरं सांगते. आम्ही वाक्य इंग्रजीत वाचायचो आणि समजावायचो हिंदी-मराठीत. झाडं अन्न कसं तयार करतात, हा धडा घ्या. पोरं उत्तर फळ्यावरून इतकं शुद्ध उतरवायची की एक स्पेलिंग चुकायचं नाही. तेच वाक्य झाकून, 'हिरव्या पानाला ऊन कशाला लागतं' असं मराठीत विचारलं, तर वर्ग गप्प. हे मी पाहिलंय.

गुरुजी : म्हणजे इंग्रजीही आली नाही आणि विज्ञानही गेलं.

सूनबाई : थांबा, पुढचंही ऐका. त्याच पोरांना इंग्रजीची भीती नव्हती. इंग्रजी पान समोर आलं तर ती मान खाली घालत नव्हती. पाहुण्यापुढे उभं राहून नाव, गाव सांगायची. तुमच्या शाळेतली पोरं कॉलेजात गेली की पहिलं वर्ष मागच्या बाकावर काढतात. अकोल्याला, अमरावतीला, पुण्याला. हुशार असून. ती लाज पोरीच्या बाबतीत तर शिक्षणच थांबवते. तुम्ही मोजता ते ज्ञान. मी ही भीतीही मोजते.

गुरुजी : भीती मीही मोजतो. पण नाव-गाव सांगायचं धाडस गावच्या शाळेतही देता येतं. त्यासाठी विज्ञान, गणित, भूगोल सगळं परक्या भाषेत कोंबायची गरज नाही.

सूनबाई : मामाजी, 'परकी' हा शब्द आपल्यापैकी सगळ्यांना सारखा लागत नाही. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका म्हणून सांगितलं. त्यांना मराठी कमी प्रिय होती का? ज्यांना संस्कृतचं दार बंद होतं आणि मराठी पोथीचंही अर्धंच उघडं होतं, त्यांना इंग्रजीनं आत घेतलं. बाबासाहेब कोलंबियाला गेले ते इंग्रजीच्या बळावर. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ ला त्यांनी इंग्रजीत छापलं, म्हणून ते जगानं वाचलं. आज आमच्यासारख्यांनी इंग्रजी मागितली की मातृभाषेचा धडा मिळतो. आणि तो देणाऱ्यांची नातवंडं कुठे शिकतात, ते सगळ्यांना दिसतं.

गुरुजी : हे सगळं खरं. पण त्याच बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' मराठीत काढला, १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' मराठीत. जगाशी बोलायला एक भाषा, आपल्या माणसांना जागं करायला दुसरी. दोन्हींत पक्कं असणं हा त्यांचा धडा आहे. इंग्रजी नको असं मी म्हणतच नाही. मी म्हणतो, ती भाषा म्हणून शिकवा, पोटभर शिकवा. बाकीचे विषय तिच्या ओझ्याखाली दाबू नका.

सूनबाई : कायदा तर पालकाला निवड देतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शक्यतोवर मातृभाषेतून शिकवावं असं आहे, पण २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं कर्नाटकच्या खटल्यात सांगितलं की सरकारला प्राथमिक शाळांवर मातृभाषेचं माध्यम लादता येणार नाही.

गुरुजी : निवड तुझीच आहे. मी फक्त विचारतो, निवडून नेमकं काय हवंय? दहावीला, किंवा त्याआधीही, पोरानं शाळा सोडली तर त्या दिवशी त्याच्या हातात इंग्रजीतलं काय असलं पाहिजे?

सूनबाई : तुम्ही सांगा.

गुरुजी : आपल्याच गावचं घे. दोन जैन पंथांमधला मंदिराचा दावा १९१० मध्ये अकोल्याच्या कोर्टात लागला. १९१८ मध्ये तिथला निकाल, १९२३ मध्ये नागपूरचा, आणि १९२९ च्या जुलैत लंडनला प्रिव्ही कौन्सिलचा. शिरपूरच्या देवळाचा कारभार कुणी पाहायचा, पूजेच्या वेळा कशा वाटायच्या, हे सात समुद्रांपलीकडे इंग्रजीत ठरलं. पुढे १९८१ पासून मंदिराला कुलूप. २०२३ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाचा आदेश आला आणि मार्चमध्ये दारं उघडली. ४२ वर्षांनी. तो आदेशही इंग्रजीत. गावात किती जणांनी तो स्वतः वाचला? बाकीच्यांना कुणीतरी सांगितलं, मोबाइलवर फिरलं, आणि ज्यानं त्यानं आपल्याला हवं तसं ऐकलं.

सूनबाई : आणि फवारणीच्या डब्याचं? २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, मजूर दगावले. त्याची कारणं पुष्कळ होती, पण डब्यावरचं, पत्रकावरचं वाचून समजणं हे जिवाचं काम आहे.

गुरुजी : मग बघ, आपण दोघं जे सांगतोय ते काय आहे? वाचणं. समजून वाचणं. बोलणं नंतरचं. या गावात इंग्रजी बोलायला समोर माणूसच नाही, पण वाचायला रोज काहीतरी आहे. आणि शिकवताना आपण वाचनालाच सर्वांत कमी वेळ देतो.

इथे गुरुजी एका जुन्या माणसाचा दाखला देतात, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याला होते. बंगालमधल्या शाळकरी मुलांचं इंग्रजी तपासून त्यांनी १९२६ मध्ये द्विभाषिकतेवर पुस्तक लिहिलं. बहुतेक मुलं शिक्षण मध्येच सोडतात हे त्यांनी पाहिलं, आणि विचारलं की ज्या दिवशी मूल शाळा सोडतं त्या दिवशी त्याच्या पदरात काय पडतं. विम्याची पॉलिसी मुदतीआधी मोडली की जी रक्कम हाती येते, तिचं नाव त्यांनी या हिशेबाला दिलं : सरेंडर व्हॅल्यू. गावातल्या प्रत्येक घराला ही गोष्ट कळते. आपली इंग्रजी अशी आखलेली आहे की तिचा लाभ पदवीपर्यंत पोचणाऱ्यालाच मिळावा. मध्येच थांबणाऱ्याला काहीच परत येत नाही, आणि थांबणारेच जास्त असतात. वेस्ट यांचं उत्तर होतं, आधी वाचन. मोजके शब्द, तेच पुन्हा पुन्हा येतील अशा सोप्या गोष्टींची पुस्तकं, आणि ती भरपूर. पुढे इंग्रजीतल्या सुमारे दोन हजार अत्यावश्यक शब्दांची जी यादी त्यांनी १९५३ मध्ये छापली, तिच्यावर जगभरची वाचनपुस्तकं उभी राहिली. ती कल्पना मुळात बंगालमधल्या शाळकरी मुलांकडे पाहून सुचलेली. आज आपल्याच शाळांत तिचा मागमूस नाही.

सूनबाई : वाचन म्हणता, पण वाचतात कुठे पोरं? 'असर' या शैक्षणिक पाहणीचा २०२३ चा ग्रामीण अहवाल चौदा ते अठरा वयाच्या पोरांचा होता. इंग्रजीतलं साधं वाक्य वाचणारे ५७ टक्क्यांच्या आसपास. आणि वाचणाऱ्यांतल्या प्रत्येक चारांपैकी साधारण एकाला वाचलेल्याचा अर्थ सांगता येत नाही.

गुरुजी : त्याच अहवालात दुसरा आकडा आहे. त्या वयातल्या पंचवीस टक्के मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीचा उतारा सलग वाचता येत नाही. ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला इंग्रजी माध्यमात बसवून वाचन येईल कसं? अक्षर आणि आवाज यांचं नातं एकदा डोक्यात बसावं लागतं, आणि ते जी भाषा आधीच कळते तिच्यात लवकर बसतं.

सूनबाई : इंग्रजीत ते नातं कुठे सरळ आहे? पोरं तिथेच गोंधळतात. एकच अक्षर, आवाज दोन.

गुरुजी : मराठीत नाही का? 'चार' म्हण, आणि 'चाक' म्हण. च एकच, आवाज दोन. आपलं पोरगं सहा वर्षांचं असताना हे न शिकवता करतं. मी वर्गात आधी हेच दाखवायचो, मग इंग्रजीच्या सी अक्षराकडे जायचो. भीती निम्मी जायची. तसंच काळाचं. पुस्तकात लिहिलेलं असायचं चालू वर्तमानकाळ, पोरांना काही बोध व्हायचा नाही. मी म्हणायचो, 'मी शाळेत जातो' आणि 'मी शाळेत जाऊन रायलो', यात फरक काय? सगळा वर्ग ओरडून सांगायचा. मग 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' समजवायला पाच मिनिटं पुरायची. आपल्या ज्या वऱ्हाडी बोलीला शाळेत हसतात, तिनंच मला इंग्रजीचा काळ शिकवून दिला.

सूनबाई : हे तुम्ही केलंत, कारण तुम्हाला दोन्ही येतात. पण तांड्यावरून येणारं लेकरू घ्या. त्याच्या घरी गोरबोली. शाळेतली मराठी त्याला आधीच दुसरी भाषा. त्याच्यासाठी तुमची 'मातृभाषेतली शाळा' कुठे आहे? वाशिम जिल्ह्यात अशी लेकरं थोडी नाहीत.

गुरुजी : (जरा थांबून) याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या लेकराला मराठीही परक्या भाषेसारखीच हळू, बोलत बोलत शिकवायला हवी. ते आम्ही केलं नाही.

मला या प्रश्नाबाबत गुरुजींपेक्षा पुढे जावंसं वाटतं. मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व ज्यांना मान्य आहे, त्यांनी पहिलीच्या वर्गात गोरबोली बोलणारा माणूस, गोरबोलीतली गोष्ट मागितली पाहिजे. तसं न करता फक्त इंग्रजीसमोर मराठी उभी केली, तर तांड्यावरची आई आपल्या लेकराला व्हॅनमध्ये बसवेल, आणि तिला चुकीचं म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

सूनबाई : बरं, उद्या गावच्या शाळेत नाव घातलं असं धरू. बोलणारा शिक्षक नाहीच, तर काय करता?

गुरुजी : १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिणेत, बंगलोर-मद्रासकडच्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि पोरांपुढे कोडी ठेवली. हे रेल्वेचं वेळापत्रक, सकाळी अमुक ठिकाणी पोचायचं तर कोणती गाडी? हा नकाशा, वाट सांगा. पोरांचं मन उत्तर शोधण्यात, आणि भाषा त्या शोधातच शिकली जाते. आपल्याकडे तसं का करू नये? मोबाइलवरचं रिचार्जचं पान, औषधाची पट्टी, बियाण्याची पिशवी. 'ही पिशवी कधीपर्यंत पेरायची, सांग.' त्याला फर्डं इंग्रजी बोलणारा शिक्षक लागत नाही. तयारी करणारा लागतो. चाळीस-पन्नास सोप्या गोष्टीच्या पुस्तकांचं कपाट लागतं, आणि रोजची वीस मिनिटं, ज्यात कुणी प्रश्नोत्तरं उतरवायची नाहीत.

सूनबाई : बोलणं मात्र तुम्ही सोडूनच दिलंत.

गुरुजी : सोडलं नाही, मागे ठेवलं.

सूनबाई : मागे ठेवलेलं आपल्याकडे मागेच राहतं, मामाजी. मला दोन्ही हवंय. आणि अजून एक. खासगी शाळा मला फी मागते, पण निदान काय देणार ते छापून सांगते, भले खोटं का असेना. गावची शाळा काहीच मागत नाही आणि काहीच सांगतही नाही. चौथीच्या शेवटी माझं पोरगं इंग्रजीतलं काय वाचू शकेल, काय बोलू शकेल, एवढं तुमच्या शाळेनं कागदावर लिहून द्यावं. मी नाव तिथे घालते. नाही दिलं, तर व्हॅन.

गुरुजींनी यावर वाद घातला नसता, असं मला वाटतं. माझं स्वतःचं मत माध्यमाच्या प्रश्नात त्यांच्याकडे झुकतं : परकी भाषा शिकायला हवी, पण तिच्यातून सगळं शिकण्याची सक्ती सहा वर्षांच्या मुलावर नको. जबाबदारीच्या प्रश्नात मात्र मी पूर्णपणे सूनबाईंच्या बाजूचा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून राज्य पेटलं आणि शासनाला निर्णय मागे घ्यावे लागले. मराठीसाठी एवढे लोक बोलतात. त्यांतल्या थोड्यांनी जरी गावच्या मराठी शाळेत इंग्रजी कशी शिकवली जाते हे जाऊन पाहिलं असतं, तरी व्हॅनमधली काही लेकरं परत आली असती. मराठी शाळा टिकायची असेल तर तिथली इंग्रजी चांगली असलीच पाहिजे. मराठीप्रेमींनी या मागणीपासून दूर राहणं हे मराठीचंच नुकसान आहे.

शिरपूरच्या आणि आसपासच्या पालकांना म्हणून एक विनंती. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. शाळा उघडल्यावर या समितीच्या पहिल्याच बैठकीला जा. सोबत एकच लेखी मागणी न्या : चौथीच्या शेवटी प्रत्येक मुलानं न पाहिलेलं इंग्रजी पान वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगावा, आणि दोन मिनिटं स्वतःविषयी इंग्रजीत बोलावं, त्यासाठी पुस्तकांचं कपाट आणि रोजची वीस मिनिटं वेळापत्रकात लावावीत. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, त्याची प्रत मागा, आणि मार्चमध्ये पुन्हा जाऊन मुलांना स्वतः वाचायला लावा.